कुमिया, निमचा, फ्लिसा, कास्कारा: उत्तर आफ्रिकेतली जुनी शस्त्रं अस्सल आहेत का, हे कसं तपासायचं

माराकेशच्या बाजारात किंवा एखाद्या ऑनलाइन लिलावात वाकड्या टोकाचा खंजीर समोर येतो. विकणारा सांगतो, ‘दोनशे वर्षांपूर्वीचा आहे.’ बहुतेक जण लगेच त्या दोनशेच्या मागे लागतात. माझ्या मते वयाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी दोन प्रश्न आहेत: ही वस्तू बनली कुणासाठी, आणि ती खरोखर कुणी अंगावर वागवली का? वय चोरता येतं. गंज आठवड्याभरात चढवता येतो, चांदी काळी करता येते, हाड चहाच्या पाण्यात पिवळं करता येतं. पण एका माणसानं एक शस्त्र वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं लटकवलं, काढलं, धार लावून घासलं आणि परत म्यान केलं, तर पात्यावर, मुठीवर आणि म्यानावर जी झीज होते ती एकमेकींशी जुळते. ही जुळणी नकली करणं फार कष्टाचं असतं. खालची सगळी तपासणी याच एका गोष्टीभोवती फिरते.

‘अस्सल’ आणि ‘नकली’ असे दोनच कप्पे इथे पुरत नाहीत. काही शस्त्रं खरोखर कंबरेला लावण्यासाठी बनली. काही प्रवाशांसाठी बनली. फ्रेंचांनी १८३० मध्ये अल्जीयर्स घेतलं, १९१२ मध्ये मोरोक्कोवर संरक्षित राज्य लादलं, आणि त्यांच्यामागून सैनिक, अधिकारी, हौशी प्रवासी असं नवं गिऱ्हाईक आलं. त्यांच्यासाठी १९२० च्या सुमाराला बनलेला खंजीर आज शंभरीचा आहे, पण तो शस्त्र म्हणून कधीच जगलेला नाही. त्याला जुनी स्मरणवस्तू म्हणून विकलं तर त्यात खोटं काहीच नाही. जुनं शस्त्र म्हणून विकलं तर आहे. तिसरा कप्पा मुद्दाम फसवण्यासाठी केलेल्या वस्तूंचा, आणि चौथा जोडकामाचा, म्हणजे पातं एकीकडचं, मूठ दुसरीकडची. या चौथ्या कप्प्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण नव्या संग्राहकांचे सर्वांत जास्त चुकीचे निर्णय तिथेच होतात.

पहिली पायरी: जात ओळखा

शस्त्राची जात पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्येक जातीची वागवण्याची पद्धत वेगळी, म्हणून झिजेच्या जागाही वेगळ्या.

कुमिया हा मोरोक्कोचा वाकडा खंजीर. पातं मुठीपासून निम्म्यापर्यंत जवळजवळ सरळ आणि एकधारी, मग ते वळतं आणि टोकाकडे दुधारी होतं. मुठीचं डोकं पंख्यासारखं पसरट. म्यानाचं टोक वर वळलेलं, आणि तोंडाजवळ दोन बाजूंना दोन कान, त्यांत कड्या. या कड्यांतून जाड विणलेला गोफ जातो, तो उजव्या खांद्यावरून येतो आणि खंजीर डाव्या कुशीला लटकतो. ही रचना डोक्यात पक्की ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. मोरोक्कोतच सरळ पात्याचा स्बूलाही असतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पुस्तकांत त्याला चुकून झांझिबारची तलवार म्हटलं गेलं, आणि विक्रीच्या वर्णनांत ती चूक अजून अधूनमधून दिसते.

निमचा ही मोरोक्को आणि अल्जीरियाची तलवार. लाकडी किंवा शिंगाची मूठ, शेवटाला आकड्यासारखी वळलेली, बोटं बसावीत म्हणून आतल्या बाजूला खाचा. मुठीपुढच्या आडव्या लोखंडाच्या दांड्या पात्याच्या दिशेनं वाकलेल्या, आणि एक परज बोटांवरून काटकोनात मुठीच्या शेवटाकडे गेलेली.

फ्लिसा अल्जीरियातल्या कबाइल लोकांची. इफ्लिसेन या जमातीवरून तिचं नाव पडलं. हिला ओळखायला वेळ लागत नाही: पाठ सरळ, एकच धार, पातं मुठीजवळून निघून आधी निमुळतं होतं, मग पोट सुटल्यासारखं थोडं रुंद होतं आणि शेवटी सुईसारख्या लांब टोकात संपतं. हाताचं रक्षण करणारी आडवी दांडी किंवा परज नाही. अष्टकोनी लाकडी मुठीवर पितळी पत्रा, शेवटाला प्राण्याच्या डोक्याचा आकार. म्यान लाकडाच्या दोन कोरीव फाकांचं, धातूच्या पट्ट्यांनी बांधलेलं. चाकूएवढ्यापासून मीटरभर तलवारीपर्यंत सगळ्या मापांत ती मिळते.

कास्कारा सुदानची: सरळ, दुधारी, मुठीपुढे लोखंडाचा क्रूस, मुठीच्या शेवटी चपटी चकती, कातडी म्यान टोकाकडे पत्त्यांतल्या चौकटीसारखं रुंदावलेलं. तुआरेग लोकांची ताकुबाही सरळ आणि दुधारी, पण तिची मूठ आणि आडवी दांडी कातड्यानं किंवा पितळेनं मढवलेली, कारण तुआरेग पुरुष उघड्या लोखंडाला हात लावणं टाळतात. ही शस्त्रं इनादेन या लोहार जातीची माणसं बनवतात. त्यांचाच तेलेक नावाचा खंजीर डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागावर आतल्या बाजूनं बांधतात, मूठ पंजाकडे ठेवून.

सोबत काय ठेवायचं

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, छोटी प्रखर बॅटरी, अतिनील किरणांची बॅटरी, चुंबक, जाडी मोजायला व्हर्नियर आणि पांढरं सुती कापड. एवढं पुरतं. काही लोक तापलेली सुई टोचून हाड की प्लॅस्टिक ते बघतात, ते करू नका. वस्तू अस्सल असेल तर तुम्ही तिला कायमचा डाग देता.

पातं

आधी म्यानातून सावकाश काढा. धार हाताकडे येणार नाही अशा बेतानं धरा. जुनी कातडी म्यानं शिवणीवर फाटतात आणि धार बाहेर येते.

व्हर्नियरनं पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजा: मुठीजवळ, मध्ये आणि टोकाच्या आधी. घडवलेलं पातं मुठीकडून टोकाकडे सावकाश पातळ होत जातं. पत्र्यातून कापलेल्या पात्याची जाडी सगळीकडे सारखी असते, आणि प्रवाशांसाठी केलेल्या कुमियांत बहुतेकदा हेच सापडतं. मग भिंगाखाली पन्हळ, म्हणजे पात्यातली लांब खोबण बघा. हातानं काढलेल्या पन्हळीच्या कडा किंचित हलतात, खोली कमीजास्त होते. यंत्राच्या चाकाच्या पन्हळीत बारीक रेघा एकमेकींना समांतर आणि एकाच अंतरावर असतात. कुणी त्यावर पॉलिश पेपर फिरवला असला तरी खोबणीच्या तळाशी त्या राहून जातात.

आता धार लावण्याच्या खुणा. वापरातल्या कुमियाचं पातं दगडावर वारंवार घासलं जातं, पण दगड मुठीच्या अगदी जवळ पोचत नाही. त्यामुळे मुठीलगतचा बोटभर भाग मूळ रुंदीचा राहतो आणि त्याच्यापुढे धार आत गेलेली दिसते, कधी हलकी पायरी पडल्यासारखी. बाकाच्या आतल्या अंगाला ही घट जास्त असते. म्यान मात्र मूळ रुंदीचंच असतं, म्हणून असं पातं म्यानात आत गेल्यावर जरा खुळखुळतं आणि शेवटच्या बोटभर अंतरात घट्ट बसतं. मला एखादा कुमिया बघायला मिळाला की मी सगळ्यात आधी हेच करून बघतो. ज्या पात्याला धारच कधी लावलेली नाही, किंवा ग्राइंडरचा एकच सरळ उतार दिलेला आहे, ते भिंतीवर टांगण्यासाठी बनलं आहे.

गंजाबद्दल थोडं. जुना स्थिरावलेला गंज गडद तपकिरी ते काळा असतो, पोलादाला धरून बसतो, त्याचे खड्डे वेगवेगळ्या आकारांचे आणि गटागटानं असतात. आम्ल किंवा मीठ लावून आणलेला गंज नारिंगी, भुकटीसारखा, सगळीकडे एकाच दाटीचा. पांढऱ्या कापडावर तेलाचा थेंब घेऊन हलकेच पुसा. नारिंगी भुकटी भरभरून आली तर सावध व्हा. शिवाय गंज कुठे असायला हवा याचा विचार करा. कातड्याच्या म्यानात ओल साठते, म्हणून आत राहणाऱ्या भागावर गंज आणि मुठीलगतच्या उघड्या पट्टीवर हात लागून लागून आलेली वेगळी छटा, असं चित्र पटतं. उघडा भाग आणि झाकलेला भाग सारखेच गंजलेले असतील तर ते पातं त्या म्यानात फार राहिलेलं नाही.

चुंबकानं पोलाद ओळखता येतं, पण स्टेनलेस पोलादाच्या चाकूंत वापरल्या जाणाऱ्या जाती चुंबकाला चिकटतातच. चुंबक चिकटला म्हणून निर्धास्त होऊ नका. कास्कारामध्ये आणखी एक प्रश्न येतो: सुदानात कसाला भागात या तलवारी आजही बनतात, बरेचदा मोटारीच्या किंवा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून. ती पाती जाड आणि कडक असतात. त्या तलवारी नकली नाहीत, तिथले पुरुष त्या खरोखर बाळगतात. मात्र त्यांना महदीच्या (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुदानात उठाव करणारा धर्मनेता) काळातली म्हणून विकणं ही फसवणूकच.

परदेशी पातं दिसलं म्हणून घाबरू नका

निमचाच्या, कास्काराच्या आणि ताकुबाच्या मुठीत युरोपीय पातं सापडणं अगदी नेहमीचं आहे. जर्मनीतल्या सोलिंगेनमधून आणि उत्तर इटलीतून पाती भूमध्य समुद्र ओलांडून येत आणि स्थानिक कारागीर त्यांना आपली मूठ बसवत. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नसावी, कारण आपली फिरंग नेमकी हीच आहे: युरोपीय पातं आणि आपली मूठ. फिरंगेला कुणी नकली म्हणत नाही.

पात्यावरचे ठसे मात्र नीट वाचावे लागतात. धावता लांडगा हा ठसा मुळात जर्मनीतल्या पासाऊचा, पुढे सोलिंगेनवाल्यांनी उचलला. दातेरी कडांचे दोन अर्धगोल, पापण्यांसारखे दिसणारे, हे जेनोवाच्या बाजूचे मानले जातात, पण त्यांची नक्कल इतर अनेक ठिकाणी झाली. कास्कारा आणि ताकुबांवर चंद्रकोरींच्या जोड्या दिसतात, कधी त्यांत माणसाचा चेहरा. हे सगळे ठसे आफ्रिकेतल्या लोहारांनीही मारले, कारण गिऱ्हाईक चांगल्या पात्याची खूण म्हणून तेच शोधायचं. त्यामुळे लांडग्याचा ठसा म्हणजे पातं जर्मन, असं धरू नका. आणि लांडगा कुत्र्यासारखा वेडावाकडा आहे म्हणून पातं आजकालचं, असंही धरू नका. बघायचं ते हे: ठशाच्या खोबणीच्या तळाशी बाकीच्या पात्यासारखाच जुना रंग आहे का, आणि पातं घासून घासून ठशाचा एखादा भाग पुसट झाला आहे का. पातं झिजलेलं आणि ठसा मात्र कोरा करकरीत, असं असेल तर ठसा नंतरचा आहे.

मूठ

पात्याचं शेपूट मुठीत कसं बसवलं आहे ते बघा. जुन्या कामात डांबरासारखा राळेचा लगदा, लाकडाच्या पाचरी किंवा हातानं ठोकून पसरवलेले रिबिट असतात. रिबिटाचं डोकं पूर्ण गोल नसतं, आणि त्याच्याभोवती वर्षानुवर्षांच्या मळाची बारीक कडा असते. सांध्यातून चकचकीत पारदर्शक डिंक डोकावत असेल तर अतिनील बॅटरी लावा. इपॉक्सी बरेचदा निळसर चमकतो. अर्थात एखाद्या जुन्या मुठीची पन्नास वर्षांपूर्वी कुणी दुरुस्ती केली असू शकते, म्हणून डिंक सापडला की फक्त पुढचा प्रश्न विचारायचा: इतर सांधेही असेच आहेत का?

हाड, हस्तिदंत, शिंग आणि प्लॅस्टिक यांत गोंधळ फार होतो. हाडात भिंगाखाली बारीक काळपट ठिपके आणि छोट्या रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बाकदार रेघांची जाळी दिसते. गेंड्याचं शिंग केसांच्या जुडग्यासारखं तंतुमय, त्याच्या छेदात ठिपके ठिपके. गायी-म्हशीचं शिंग पापुद्र्यांचं. हाड आणि हस्तिदंत अतिनील प्रकाशात निळसर पांढरे उजळतात, प्लॅस्टिक बहुधा मंद राहतं. पिवळेपणावर विश्वास ठेवू नका. रंगवलेल्या हाडात रंग ठिपक्यांत आणि चिरांत जास्त साचतो आणि सगळ्या बाजूंना सारखा असतो. खऱ्या वापरात तळहाताचा भाग गुळगुळीत आणि गडद होतो, बोटांच्या बाजूच्या कडा मऊ होतात, आणि डोक्याच्या खालच्या खाचेत मूळ रंग राहतो. मुठीला हात घाला आणि स्वतःच्या पंजाची जागा झिजेच्या जागेशी ताडून बघा. झीज जिथे हात पोचतच नाही तिथे असेल, तर ती कानशीनं आणलेली आहे.

फ्लिसाच्या मुठीत पितळी पत्र्याची शिवण शोधा. जुन्या पत्र्याची जाडी जागोजागी बदलते, कडा लाकडावर ठोकून वळवलेल्या असतात. मूठ एकसंध ओतलेली असेल, पृष्ठभागावर वाळूचे बारीक खड्डे असतील आणि दोन साच्यांच्या जोडाची रेघ दिसत असेल, तर ती प्रवाशांसाठीची आहे असं समजून चाला.

म्यान: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

खरेदीदार पात्याकडे बघतो आणि फसवणारा पात्यावरच मेहनत घेतो. म्यानाकडे दोघांचंही दुर्लक्ष होतं, म्हणून म्यान खरं बोलतं.

कुमियाचं म्यान घ्या. लाकडाच्या गाभ्यावर पुढून आणि मागून चांदीचा किंवा पितळेचा पत्रा. पुढची बाजू नक्षीची, मागची बरेचदा साधी. खंजीर डाव्या कुशीला असतो, तेव्हा मागची बाजू जाड लोकरी जेलाब्यावर, म्हणजे मोरोक्कोच्या पायघोळ झग्यावर, सतत घासते. म्हणून मागचा पत्रा गुळगुळीत, त्यावरच्या रेघा पुसट, आणि वळणाच्या सगळ्यात फुगीर जागी धातू कधी इतका पातळ की दाबला तर हलतो. पुढच्या बाजूच्या नक्षीत खोलगट जागी काळा मळ आणि उंच जागी चकाकी. दोन्ही बाजू सारख्याच जुन्या किंवा सारख्याच नव्या दिसल्या तर काहीतरी बिनसलं आहे.

आता कान. त्यांच्या भोकांतून कडी लोंबते आणि गोफ तिला वर ओढतो. ओढ नेहमी एकाच दिशेला, त्यामुळे वापरातल्या म्यानात भोक गोल राहत नाही, वरच्या बाजूला लांबट होतं, आणि कडीही जिथे टेकते तिथे बारीक होते. भिंग लावून बघा: भोकाची वरची कड पातळ आणि चकचकीत, खालची कड मूळ जाडीची आणि काळवंडलेली. कुणी कानशीनं भोक लांबट केलं असेल तर आडव्या रेघा दिसतील आणि कडी मात्र सगळीकडे सारख्या जाडीची असेल. हा पुरावा मी कुठल्याही कोरीव तारखेपेक्षा वरचा मानतो.

तेलेकच्या म्यानावर हात अडकवायचा कातडी पट्टा असतो. त्याची आतली बाजू घामानं काळी, ताठर आणि गुळगुळीत हवी. कास्काराच्या म्यानात पट्टा अडकवायच्या जागा तोंडाकडे असतात, ताण तिथे पडतो. कातडं तिथे ताणलेलं, शिवणीची भोकं लांबट झालेली असायला हवीत. म्यानाच्या कातड्यावर चिरा आहेत पण या जागा कोऱ्या आहेत, तर ते कातडं उन्हात वाळवून म्हातारं केलेलं असू शकतं.

म्यानात बॅटरी टाकून आत बघा. आतलं लाकूड पात्यानं घासून चकचकीत झालं आहे का, तोंडाला धारेनं खाच पाडली आहे का? कातड्याची कापलेली कड बघा. वनस्पतींच्या सालीत कमावलेलं कातडं आतूनही तपकिरी असतं, क्रोममध्ये कमावलेलं बरेचदा निळसर करडं, आणि क्रोमची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्यापारात आली. पितळ आणि कातडं जिथे टेकतात तिथे हिरवा मेणचट थर साचतो. तो सावकाश येतो आणि सांध्याच्या आत शिरलेला असतो. पृष्ठभागावर लावलेला हिरवा रंग कापडानं निघतो.

अक्षरं, आकडे आणि नक्षी

मोरोक्कोच्या वस्तूंवरची अरबी लिपी मगरिबी वळणाची असते. त्या वळणात ‘फ’च्या अक्षराचा ठिपका खाली आणि ‘क़’ला वर एकच ठिपका, असं जुन्या लिखाणात दिसतं, पूर्वेकडे ‘फ’ला वर एक आणि ‘क़’ला वर दोन. आकडेही वेगळे. मोरोक्कोत युरोपीय वळणाचे आकडे वापरात होते, एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या तांब्याच्या नाण्यांवर हिजरी सालं त्याच आकड्यांत आहेत. इजिप्त आणि सुदानात पूर्वेकडचे अरबी आकडे. कुमियावर कैरोच्या वळणाची अक्षरं आणि आकडे असतील तर विकणाऱ्याला त्याचं कारण विचारा. हिजरी साल इसवीत आणायला त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा: १३०६ चं साधारण १८८८-८९ येतं. ज्या तारखेला अचूक ‘जुनं’ ठरायची घाई दिसते आणि जिच्या खोबणीतला धातू उजळ आहे, ती तारीख मोजूच नका.

सुदानच्या काही पात्यांवर आम्लानं कोरलेली सुलुस वळणाची दाट अक्षरं असतात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ती दिसली की ‘ओमदुरमानच्या रणातून आणलेली’ ही कथा सोबत येते. ओमदुरमानची लढाई २ सप्टेंबर १८९८ ला झाली आणि ब्रिटिश सैनिकांनी तिथून बरीच शस्त्रं घरी नेली, हे खरं. पण त्यामुळेच ही कथा विकायला सोपी झाली. तिच्यामागे जुना कागद, संग्रहाची चिठ्ठी किंवा घराण्यातला पत्रव्यवहार नसेल, तर तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका.

फ्लिसाच्या पात्यावरची पितळेची नक्षी हा तिचा प्राण. जुन्या कामात पोलादात खाचा कोरून त्यांत पितळ ठोकून बसवलेलं असतं. बोटाचं नख फिरवलं तर पितळ आणि पोलाद जवळजवळ एका पातळीत लागतात, काही ठिकाणी पितळ गळून रिकामी खाच राहिलेली असते. १८५७ मध्ये फ्रेंचांनी कबाइली प्रदेश जिंकला, १८७१ चं बंड मोडलं, आणि त्यानंतर हळूहळू फ्लिसा हे प्रवाशाच्या सामानातलं चाकूवजा स्मरणचिन्ह झालं. त्या पात्यांवर नुसत्या उथळ कोरीव रेघा असतात, पितळ नसतं, पातं पातळ आणि मूठ लहान.

पोवळ्यांनी मढवलेली अल्जीयर्सकडची यातागान (तुर्की घडणीची बाकदार तलवार) दिसली तर पोवळी भिंगाखाली बघा. ट्युनिशियातल्या ताबार्काच्या किनाऱ्यावर पोवळं काढण्याचा धंदा शतकानुशतकं चालला, त्यामुळे जुन्या कामात खरं पोवळं असतं: वाढीच्या बारीक रेघा, एखादं किड्याचं भोक, छटांत फरक. एकाच रंगाचे एकसारखे मणी म्हणजे काच किंवा प्लॅस्टिक.

चांदीवर मेंढ्याच्या डोक्याचा छोटा ठसा असेल तर तो मोरोक्कोतल्या फ्रेंच काळातल्या तपासणीचा. ठसा म्यान त्या काळी तपासलं गेल्याचं सांगतो, त्याच काळी बनल्याचं नव्हे. आणि ठसा नसणं हा नकलीपणाचा पुरावा नाही.

काळाची खालची सीमा

काही पदार्थ आणि पद्धती ठराविक काळाआधी नव्हत्याच. त्या सापडल्या की वस्तूचा तो भाग त्याहून जुना असूच शकत नाही. स्वस्त ॲल्युमिनियम १८८६ नंतरचं. चाकूंसाठीचं स्टेनलेस पोलाद १९१३ नंतरचं. क्रोमियमचा मुलामा १९२० च्या दशकापासून. नायलॉनचा दोरा आणि अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू, दोन्ही १९३० च्या दशकापासून. शिवणीचा पांढरा दोरा अतिनील प्रकाशात झगझगीत निळा चमकला तर त्यात उजळक रसायन आहे, म्हणजे तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. आणि एक सोय आपल्या सराफ कट्ट्यावरच आहे: सोन्याची शुद्धता सांगणारं क्ष-किरणांचं यंत्र, ज्याला कॅरेटमीटर म्हणतात. ते वस्तूला ओरखडाही न काढता मिश्रधातू दाखवतं. चांदी म्हणून घेतलेला पत्रा जर्मन सिल्व्हर आहे का, हे मिनिटात कळतं. डाकात, म्हणजे सांधा जोडायच्या धातूत, कॅडमियम निघालं तर तो जोड विसाव्या शतकातला.

जोडलेली शस्त्रं

इथे निवाडा लागतो. जुन्या शस्त्राचं आयुष्य एका मालकापाशी संपत नसे. पातं तुटलं की दुसरं बसवलं, मूठ फुटली की नवी केली, तुटकी लांब तलवार कापून खंजीर केला. हे शस्त्राच्या जिवंतपणाचं लक्षण आहे आणि त्यानं किंमत कमी व्हायचं कारण नाही. दुकानात दोन मोडक्या वस्तू जोडून तिसरी केलेली असते ती वेगळी. फरक ओळखायला परत झिजेकडेच या. जोड झाल्यानंतर शस्त्र वापरलं गेलं असेल तर पातं आणि मूठ यांच्या सांध्यावरून मळ आणि गंज अखंड पसरतो. पात्याच्या रुंदीला म्यानाचं तोंड जुळतं, आणि म्यानाच्या आतल्या ओरखड्यांचा आकार त्याच पात्याचा असतो. दुकानातल्या जोडात सांध्याच्या एका बाजूला काळा जुना थर आणि दुसऱ्या बाजूला खरवडलेला धातू दिसतो, पात्याच्या शेपटाला नवी भोकं असतात किंवा जुनी भोकं रिकामी राहिलेली असतात, आणि म्यानाच्या आत पाचरी, कागद किंवा नवं अस्तर भरलेलं असतं.

फोटोवरून घेताना

मुठीचे चारही बाजूंनी फोटो मागा, पात्याची पाठ वरून, ठसे तिरप्या उजेडात, मूठ आणि पातं यांचा सांधा जवळून, म्यानाची मागची बाजू, कुमिया असेल तर दोन्ही कानांची भोकं, म्यानाचं तोंड समोरून, आणि मोजपट्टी ठेवून पूर्ण वस्तू. वजनही विचारा. चांगला विक्रेता हे सगळं बिनतक्रार देतो. म्यानाची मागची बाजू दाखवायला टाळाटाळ झाली तर मी पुढे जात नाही.

घरी आणण्याआधी

हस्तिदंत आणि गेंड्याच्या शिंगाच्या मुठी धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स (CITES) करारात आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. त्या विकत घेऊन भारतात आणायच्या फंदात पडू नका. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं मोडतात, आणि परवाना कुठे लागतो हे त्या त्या भागासाठी काढलेल्या अधिसूचनेवर ठरतं. म्हणून पातं मोजा आणि आपल्या पोलीस आयुक्तालयात आधी चौकशी करा. विमानात असली वस्तू हातातल्या सामानात चालत नाही. इजिप्तमधून पुरावस्तू बाहेर नेण्यावर १९८३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि इतर देशांतही निर्यातीचे नियम आहेत. ते निघण्याआधी तिथेच विचारून घ्यावेत.

एक गोष्ट काउंटरवरच करा. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला बिलावर लिहायला सांगा: शस्त्राचं नाव, अंदाजे काळ, पातं कोणत्या धातूचं, मूठ कशाची, आणि काही दुरुस्ती झाली असेल तर ती. तोंडानं ‘दोनशे वर्षं’ सांगणारा माणूस बिलावर ‘नवीन हस्तकला’ लिहीत असेल, तर त्याला ती वस्तू नवीन हस्तकलेच्या भावात मागा.